पीज केंद्राची जोडणी : प्रकल्प नोंदी

८ जून २०२४

विज्ञान केंद्राच्या संप्रेषण दालनासाठी एका स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राची चालती प्रतिकृती उभी करण्याचे काम आम्ही तिघांनी अंगावर घेतले होते, त्याला आज सुरुवात झाली. तिघे म्हणजे मी, प्रक्षेपण केंद्रांवर उभी हयात घालवून निवृत्त झालेले एक अभियंते, ज्यांना आम्ही काका म्हणतो, आणि पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी.

केंद्र कोणते घ्यायचे यावर फार वाद झाला नाही. दिल्लीचे केंद्र १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले, मुंबईचे २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दोन्हींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि दोन्ही महानगरांची केंद्रे आहेत. आम्हाला हवे होते ते एका जिल्ह्यापुरते, त्या जिल्ह्याच्या बोलीत बोलणारे केंद्र. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, अहमदाबादपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या पीज या गावी असे केंद्र १९७५ साली सुरू झाले. प्रक्षेपक एक किलोवॅटचा, स्टुडिओ अहमदाबादला इस्रोच्या अवकाश उपयोग केंद्रात, आणि प्रेक्षक म्हणजे सुमारे ४०० गावांतील ६०० हून अधिक सामुदायिक संचांपुढे रोज संध्याकाळी जमणारी माणसे. खेडा हा सहकारी दूधसंस्थांचा जिल्हा असल्यामुळे अनेक गावांत एकत्र जमण्याची जागा आणि सवय दोन्ही आधीपासून होतीच.

प्रतिकृतीतून हवेत काहीही सोडायचे नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाकले. परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही, त्यामुळे प्रक्षेपकाचा मनोरा आणि गावातला संच यांच्यामध्ये कोअॅक्सियल केबल राहील आणि अँटेना फक्त पाहण्यासाठी असतील.

१५ जून

आज आराखडा काढला. कागदावर डावीकडून उजवीकडे पाच चौकटी आल्या: स्टुडिओ, अहमदाबाद ते पीज हा मायक्रोवेव्ह दुवा, पीजचा प्रक्षेपक, मनोरा आणि गावातला संच. पहिल्या चौकटीच्या डोक्यावर एक सहावी चौकट काढावी लागली, ती उपग्रहाची.

पीजचा प्रक्षेपक ज्या महिन्यांत सुरू झाला त्याच काळात, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात, ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग चालला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी वर्षभर भारताच्या वाट्याला आला होता. नासाशी करार १९६९ साली झाला, त्यामागची कल्पना विक्रम साराभाई यांची. ती प्रत्यक्षात येण्याआधीच, ३० डिसेंबर १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले. पुढे अवकाश उपयोग केंद्राचे पहिले संचालक यशपाल आणि प्रयोगाचे व्यवस्थापक एकनाथ चिटणीस यांच्या काळात सहा राज्यांतील २,४०० गावांत कार्यक्रम थेट उपग्रहावरून उतरले. या गावांना प्रक्षेपक लागत नव्हता, कारण प्रत्येक गावाची स्वतःची छत्री, म्हणजे डिश अँटेना, होती. खेडा जिल्ह्यात मात्र उलटी रचना होती: उपग्रहाचा संकेत अहमदाबादच्या भू-केंद्रावर एकदाच घ्यायचा, दुव्यावरून पीजला पाठवायचा आणि तिथून साध्या संचांसाठी पुन्हा प्रक्षेपित करायचा. म्हणजे पीजला कार्यक्रम दोन ठिकाणांहून येऊ शकत होते, आणि त्यांतला कोणता सोडायचा हे कुणीतरी बटण दाबून ठरवत होते.

आराखड्यात ते बटण मी एका बारीक गोलाने दाखवले आहे. त्याला वेगळी चौकट द्यावी असे तेव्हा वाटले नाही.

२२ जून

गावाच्या बाजूपासून काम सुरू केले. पुढे लाकडी सरकती दारे असलेला एक जुना कृष्णधवल संच देणगी म्हणून मिळाला. पडदा लागतो, पण चित्रावर दोन काळसर आडवे पट्टे अगदी सावकाश वर सरकत होते. विद्यार्थिनीने लगेच सगळ्या तारा हलवून पाहायला सुरुवात केली, तेव्हा काकांनी तिला थांबवले आणि पट्टे मोजायला सांगितले. आपल्याकडे चित्राची क्षेत्रे (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे) सेकंदाला ५० येतात आणि विजेची वारंवारताही ५० हर्ट्झच असते, त्यामुळे विजेची गुणगुण चित्रात घुसली की ती जवळजवळ स्थिर पट्ट्यांच्या रूपात दिसते. पट्टा एक असेल तर गुणगुण ५० हर्ट्झची, म्हणजे बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यातून आलेली. पट्टे दोन असतील तर १०० हर्ट्झची, म्हणजे संचाच्या स्वतःच्या पुरवठ्यात रेक्टिफायरनंतरचा कपॅसिटर सुकलेला. मागचे झाकण काढले तेव्हा मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे टोक फुगलेले स्पष्ट दिसले. झाकण काढल्यावर अर्धा तास थांबूनच आत हात घातला. पिक्चर ट्यूब बंद संचातही भार धरून ठेवते आणि काकांच्या उजव्या हाताला त्याचा जुना अनुभव आहे.

नवा कपॅसिटर टाकल्यावर दोन्ही पट्टे गेले. ट्यूनरच्या पितळी स्पर्शबिंदूंवर काळी पुटे चढली होती, ती स्पिरिटने पुसली. बटण फिरवताना येणारा तो कडकड आवाज मुद्दाम तसाच ठेवला आहे.

२९ जून

मॉड्युलेटर आणला, म्हणजे चित्र आणि आवाज एखाद्या चॅनेलच्या लहरींवर चढवणारे यंत्र. जुन्या सामानाच्या बाजारातून, पूर्वी केबलवाल्यांकडे असायचा तसा. चिठ्ठीवर ‘पाल-बी, चॅनेल ४’ असे लिहिलेले होते आणि विकणाऱ्याने तो चालू असल्याची खात्री दिली होती. चित्र पहिल्या प्रयत्नात उमटले, पण स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. अर्धा दिवस संचाच्या ध्वनी विभागावर संशय घेण्यात गेला, आणि तो संशय सर्वस्वी चुकीचा निघाला.

आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे पाल-बीत, एका वाहिनीला ७ मेगाहर्ट्झ जागा मिळते. चौथ्या चॅनेलची हद्द ६१ ते ६८. त्यात चित्राची वाहक लहर ६२.२५ वर आणि आवाजाची बरोबर ५.५ मेगाहर्ट्झ वर, म्हणजे ६७.७५ वर असते. आमच्या मॉड्युलेटरमध्ये हे अंतर ६.५ मेगाहर्ट्झ लावलेले होते, जसे दुसऱ्या काही देशांच्या पद्धतीत असते. आवाज चॅनेलच्या हद्दीबाहेर जाऊन पडत होता आणि संच त्याला ५.५ वर शोधत होता. आतल्या पाटीवर जम्परची एक टाचणी सरकवताच बोलणे ऐकू आले. विकणाऱ्याला फोन करण्यात अर्थ नव्हता. चिठ्ठी मात्र खरवडून काढली.

६ जुलै

पातळ्यांचे मोजमाप. मॉड्युलेटर १०४ डीबी मायक्रोव्होल्ट देतो, संचाला ६० ते ७५ पुरते. मध्ये संकेत कमी करणारा ४० डीबीचा अॅटेन्युएटर घातल्यावर ६४ मिळाले. ७५ ओहमच्या केबलवरून संचाच्या ३०० ओहमच्या दोन स्क्रूंवर जाण्यासाठी छोटा ‘बलून’, म्हणजे दोन प्रकारच्या जोडण्यांचा मेळ घालणारा भाग, लावला.

व्हिडिओ प्लेअर जोडताच एक पट्टा पुन्हा अवतरला. एकच होता, म्हणून आता कोणालाच काही सांगावे लागले नाही: प्लेअर आणि मॉड्युलेटर वेगवेगळ्या फळ्यांवरून वीज घेत होते. दोन्ही एकाच फळीवर आणले, व्हिडिओ तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला, आणि पट्टा गेला.

दुसरी अडचण जरा मजेची होती. प्लेअरचे चित्र रंगीत असल्यामुळे कृष्णधवल पडद्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी दिसत होती. रंगाची उपवाहक लहर ४.४३ मेगाहर्ट्झवर बसलेली असते आणि जुना संच तिला चित्राचाच भाग समजतो. १९७५ साली आपल्याकडे रंगीत प्रक्षेपणच नव्हते, ते १९८२ साली आले, तेव्हा ही नक्षी प्रतिकृतीत राहणे म्हणजे सात वर्षांची चूक ठरली असती. एस-व्हिडिओच्या खुंट्यांवर उजळपणा आणि रंग वेगवेगळे मिळतात, तिथून फक्त उजळपणाचा संकेत घेतला आणि पडदा स्वच्छ झाला.

१३ जुलै

आजचा दिवस प्रक्षेपकाच्या फलकाच्या मजकुरात गेला. ‘एक किलोवॅट’ म्हणजे नक्की काय, हे पाहुण्यांना कसे सांगावे यावर बराच खल झाला, कारण हा आकडा जितका सरळ वाटतो तितका तो नाही.

चित्राचे मॉड्युलेशन, म्हणजे ते वाहक लहरीवर चढवणे, आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत उलटे असते: प्रत्येक ओळीच्या आरंभी येणाऱ्या, संचाला चित्राचा ठेका देणाऱ्या सिंक स्पंदाला सर्वांत जास्त शक्ती आणि पांढऱ्या रंगाला सर्वांत कमी. एक किलोवॅट हा आकडा त्या सिंकच्या शिखराचा. काळ्या रंगाजवळची पातळी व्होल्टेजच्या ७५ टक्क्यांवर असते, म्हणजे शक्ती साधारण ५६० वॅटवर येते. पूर्ण पांढऱ्याला व्होल्टेज १० टक्के, म्हणजे शक्ती अवघी १० वॅट. काका सांगतात की रात्रीचे दृश्य लागले की प्रक्षेपकाच्या मीटरचा काटा वर चढायचा आणि बर्फाचे दृश्य आले की खाली यायचा. पडद्याकडे न पाहता केवळ काट्यावरून कार्यक्रम ओळखण्याची पैज ड्यूटीवर लागत असे. हा उलटेपणा हौसेचा नाही. त्यामुळे विजांचा कडकडाट किंवा स्कूटरची ठिणगी चित्रात घुसली तर ती काळ्या ठिपक्याच्या रूपात दिसते आणि डोळ्यांना कमी खुपते. शिवाय कमकुवत संकेतातही सिंक टिकून राहते आणि चित्र घसरत नाही.

पल्ल्याविषयीचा गैरसमजही फलकावर दूर करायचा आहे. दहापट शक्ती म्हणजे दहापट पल्ला नव्हे. १०० वॅटऐवजी १,००० वॅट सोडले तर त्याच ठिकाणची क्षेत्रतीव्रता वाढते ती दहाच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे ३.२ पट. शिवाय या लहरी पृथ्वीच्या वक्रतेपलीकडे फारशा वळत नाहीत, म्हणून शेवटी मनोऱ्याची उंचीच निर्णायक ठरते. उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की रेडिओ क्षितिजाचे किलोमीटर मिळतात. उदाहरणादाखल ६० मीटरचा मनोरा आणि ९ मीटरवरची अँटेना धरली तर ३२ आणि १२ मिळून ४४ किलोमीटर होतात. सपाट प्रदेशात एका जिल्ह्याचे काम भागते ते अशा हिशेबाने. खेडा जिल्ह्याऐवजी आपला एखादा डोंगराळ जिल्हा निवडला असता तर हे गणित दुसऱ्याच डोंगराला अडले असते.

२० जुलै

पाहण्यासाठीच्या दोन अँटेना तयार झाल्या. यागी, म्हणजे घरांच्या छपरांवर दिसायची ती आडव्या दांड्यांची अँटेना, अॅल्युमिनियमच्या नळीची केली. चौथ्या चॅनेलसाठी मुख्य दांडा जवळजवळ २.२ मीटरचा येतो आणि दालनाच्या दारातून तो तिरका केल्याशिवाय आत जात नाही.

दुसरी ‘साइट’च्या गावांतली छत्री. मूळ छत्री ३ मीटर व्यासाची आणि चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची होती. उपग्रह चित्र पाठवत होता ते ८६० मेगाहर्ट्झवर, म्हणजे लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीची भोके तिच्या मानाने इतकी लहान की लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच भासते, वारा मात्र आरपार निघून जातो. एवढ्या लांबीला ३ मीटरच्या छत्रीची नजर जवळपास ८ अंशांची असते, म्हणून ती एकदा रोखून बसवली की रोज हलवावी लागत नसे. उपग्रहाचा प्रक्षेपक सुमारे ८० वॅटचा, अंतर ३६,००० किलोमीटर. तरीही चित्र मिळत होते ते त्याच्या ९ मीटरच्या उलगडणाऱ्या छत्रीमुळे आणि गावाकडच्या या जाळीमुळे. आम्ही ही छत्री एक तृतीयांश आकाराची केली. जाळी वाकवताना तिघांचीही बोटे सोलवटली.

२७ जुलै

फलकांचा कच्चा मजकूर काकांकडे तपासायला दिला होता. मी एका ठिकाणी ‘पीज येथील रिले केंद्र’ असे लिहिले होते, म्हणजे दुसरीकडचा कार्यक्रम नुसता पुढे सोडणारे केंद्र. त्यांनी ‘रिले’ हा शब्द दोनदा खोडला. इतका की कागद फाटला.

मग त्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी भारताचा इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ साली देशभर प्रक्षेपक उभारण्याचा सपाटा सुरू झाला. बहुतेक १०० वॅटचे. अशाच एका तालुक्याच्या केंद्रावर त्यांची पहिली नेमणूक झाली. एक छत्री, एक रिसीव्हर, प्रक्षेपणाचा मूळ संकेत तयार करणारा एक एक्सायटर, १०० वॅटचा अॅम्प्लिफायर, स्टॅबिलायझर, डिझेल जनरेटर आणि मनोरा, एवढाच संसार. एका जत्रेच्या संध्याकाळी एक माणूस धापा टाकत केंद्रावर आला. त्याचा मुलगा गर्दीत हरवला होता आणि ‘टीव्हीवर एवढं सांगा’ अशी त्याची विनवणी होती. सगळ्या गावात ज्या यंत्राचे चित्र दिसत होते ते यंत्र त्याच्यापासून पाच पावलांवर होते. काकांनी त्याला आत नेऊन रॅक दाखवला. “साहेब, इथे माइक लावायला जागाच नव्हती हो,” ते म्हणाले. “पॅटर्न जनरेटर होता. उभ्या-आडव्या रेघा दाखवू शकलो असतो.” मुलगा पुढे पोलीस चौकीत सापडला, हेही त्यांनी सांगितले, पण आवाज खाली आणून.

हे ऐकल्यावर आराखड्यातल्या त्या बारीक गोलाकडे मी नव्याने पाहिले. तालुक्याचे ते १०० वॅट आणि पीजचा एक किलोवॅट यांत शक्तीचा फरक १० डीबीचा, म्हणजे दहापट, आणि तो कोणत्याही कॅटलॉगमधून विकत घेता येतो. खरा फरक हा की पीजच्या साखळीत निवडीचे बटण होते आणि त्याच्या एका खुंटीला खेडा जिल्ह्यातच चित्रित केलेला कार्यक्रम जोडलेला होता. स्टुडिओची माणसे हलकी उपकरणे घेऊन गावोगाव जात. किमान मजुरी, जातिभेद, दारू, सहकारी संस्थांतले गैरव्यवहार हे विषय नाट्यरूपात यायचे आणि त्यांत गावातलीच माणसे काम करायची. गावकऱ्यांच्या तक्रारी चित्रित करून त्यांवर संबंधित अधिकाऱ्यांना उत्तर द्यायला लावणारे कार्यक्रमही झाले. १९८४ साली युनेस्कोचा ग्रामीण संप्रेषणाचा पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला तो वॅटसाठी नव्हे.

सगळी मांडणी बदलायची ठरली. बटण मधोमध येईल.

१० ऑगस्ट

बटणाची पेटी पूर्ण. जुन्या टेलिफोन बोर्डाला असायची तशी जड, दोन बाजूंना पडणारी दांडी घेतली, कारण हाताला निवड जाणवली पाहिजे. डावीकडे ‘उपग्रह’, उजवीकडे ‘जिल्हा’. पहिल्या चाचणीत दांडी फिरवली की चित्र सेकंदभर गडगडत खाली घसरायचे. दोन स्रोतांचे सिंक जुळलेले नसल्यामुळे संचाला नव्या स्रोताचा ठेका पकडायला वेळ लागतो. विद्यार्थिनीने एक फ्रेम सिंक्रोनायझर बसवून हे गुळगुळीत करण्याची सूचना केली. यंत्र तिच्याकडे तयार होते आणि सूचना तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होती. आम्ही ती नाकारली. घसरलेले चित्र पुन्हा जागेवर बसते, त्या क्षणी पाहणाऱ्याला कळते की मागे कुणीतरी काहीतरी बदलले.

‘जिल्हा’ या बाजूला काय लावायचे हा प्रश्न होता. पीजचे मूळ कार्यक्रम लावण्याचा हक्क आमच्याकडे नाही, आणि ते गुजरातीत आहेत. शेवटी एक साधा कॅमेरा आणि स्टँडवर एक माइक ठेवला. येणाऱ्याने बोलावे.

१७ ऑगस्ट

काही विशेष नाही. केबलींना नंबर घातले, फ्यूज बदलून एक अँपिअरचा केला, संचाच्या मागे जाळीदार झाकण लावले.

२४ ऑगस्ट

शेवटचा फलक उरला होता, १९८५ सालचा. त्या वर्षी पीजचा प्रक्षेपक बंद करून मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी हलवण्याचा निर्णय झाला. खेडा जिल्ह्यातील लोकांनी त्याला विरोध केला, तरी प्रक्षेपक गेला. जिल्ह्यासाठीचे कार्यक्रम त्यानंतरही काही वर्षे अहमदाबादच्या मोठ्या प्रक्षेपकावरून चालू राहिले.

हे नुसते लिहून ठेवायचे की दाखवायचे, यावर आज दुपारभर बोललो. माझे मत लिहिण्याच्या बाजूने होते. चालत्या प्रतिकृतीचा एक भाग मुद्दाम काढता ठेवणे म्हणजे देखभालीला आमंत्रण. दोन विरुद्ध एक मतांनी मी हरलो. प्रक्षेपकाची पेटी आता फळीला चार ऐवजी दोनच स्क्रूंनी जोडली आहे, आणि मागच्या जोडण्या ओढून काढता येतील अशा केल्या आहेत. प्रात्यक्षिकाच्या शेवटी मार्गदर्शक ती पेटी उचलून खोलीबाहेर नेईल. माइक, कॅमेरा, बटण, संच, सगळे जागेवर आणि चालू राहील. पडद्यावर मुंग्या दिसतील.

आजच्या तीन चाचण्यांत पेटी काढायला सरासरी चाळीस सेकंद लागले. पेचकस शोधण्यातच वेळ जातो, म्हणून स्क्रूंना हाताने फिरवायच्या पितळी चकत्या लावायच्या आहेत. त्या सोमवारी येतील.